लाखीशच्या चौकीवरील पत्र
(अभ्यासपाठ)



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून एखादी पत्र्याची पेटी असेल. भारतातून येताना सामान कमी करावे लागले, तांब्यापितळेची भांडी नातलगांना देऊन टाकली, पण ती पेटी मात्र बरोबर आली. तिच्यात लग्नाचा केथुबा, काही पिवळे पडलेले फोटो आणि सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा असतो. आपले आजे-पणजे मुंबई इलाख्याच्या पलटणींत नोकरीस होते. त्यांची पत्रे घरी येत. ज्याला वाचता येत नसे तो वाचणाऱ्याला बोलावून आणी, आणि सारे घर भोवती बसून ऐके. छावणीतले जेवण, हवापाणी, साहेबाचा स्वभाव, रजा मिळणार की नाही, आणि शेवटी पलटण कोठे जाणार याविषयी ‘असे ऐकतो’ म्हणून लिहिलेल्या दोन ओळी. शिपायाचे पत्र बहुतेक असेच असते.

आजच्या पाठासाठी आम्ही असेच एक पत्र घेतले आहे. फक्त ते सुमारे २६०० वर्षांपूर्वीचे आहे, कागदावर नसून फुटक्या मडक्याच्या खापरीवर शाईने लिहिलेले आहे, आणि त्याची भाषा आपली पवित्र भाषा इब्री आहे. ते घरच्या माणसांना नव्हे, वरिष्ठ अधिकाऱ्याला लिहिलेले आहे. तरी त्यात माणसाचा जीव इतका उघडा दिसतो की ते वाचताना आपल्या पेटीतील पत्रांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पत्र कोठे सापडले

किर्यात गातच्या जवळ लाखीशची टेकडी आहे. यहूदाच्या राज्यात यरुशलेमच्या खालोखाल महत्त्वाचे तटबंदीचे शहर ते हेच. इंग्रज संशोधक जेम्स लेस्ली स्टार्की यांनी तेथे उत्खनन चालविले होते. १९३५ साली शहराच्या वेशीजवळील पहाऱ्याच्या खोलीत, जळालेल्या राखेच्या थरात, त्यांना लिहिलेल्या १८ खापऱ्या मिळाल्या. १९३८ साली आणखी ३ मिळाल्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत यरुशलेमला जात असता वाटेत स्टार्की यांचा खून झाला. पत्रांचे वाचन प्राध्यापक नफ्ताली हेर्त्स तूर-सिनाय यांनी केले व ते १९३८ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांचे नाव हॅरी टोर्चिनर असे होते.

पत्रांचा काळ सुमारे इ.स.पूर्व ५८८-८७ हा मानतात. बाबेलच्या राजा नबुखद्नेस्सराचे सैन्य यहूदात शिरले होते. यिर्मियाहू हन्नबीच्या ग्रंथात (अध्याय ३४, वचन ७) सांगितले आहे की यहूदाच्या तटबंदीच्या शहरांपैकी आता लाखीश व अझेका ही दोनच उरली होती. त्यानंतर लाखीश पडले, जळाले, आणि पुढे बेथ हमिकदाशही गेले. ज्या दिवशी आपले वाडवडील बिरड्याचा सण पाळीत, त्या तिशाबआवच्या दुःखाच्या अगोदरचे हे शेवटचे महिने. वेशीजवळच्या खोलीत पडलेली पत्रे त्याच आगीत दबली आणि त्यामुळेच टिकली.

या पत्रांतील तिसरे पत्र खापरीच्या दोन्ही बाजूंनी लिहिलेले आहे. लिहिणाऱ्याचे नाव होशायाहू. ज्याला लिहिले त्याचे नाव याऊश. याऊश हा वरचा अधिकारी. होशायाहू त्याच्या हाताखाली एखाद्या बाहेरच्या चौकीवर असावा. आपल्या पलटणीच्या भाषेत बोलायचे तर हवालदार किंवा जमादार म्हणा.

छावणीतले दिवस

पत्राकडे वळण्यापूर्वी अशा चौकीवर माणसे कशी राहत, हे थोडे पाहू. त्यासाठी नेगेवमधील अराद येथे जावे लागेल. तेथील यहूदाच्या किल्ल्याचे उत्खनन योहानान आहारोनी यांनी १९६२ ते १९६७ या काळात केले. त्यात एलियाशीव नावाच्या अधिकाऱ्याला आलेल्या हुकुमांच्या खापऱ्या मिळाल्या. हा काळ इ.स.पूर्व ६०० च्या आसपासचा, म्हणजे होशायाहूच्या पत्रापूर्वी साधारण दहा-बारा वर्षांचा. किल्ला लहान होता; त्यात वीस-तीस शिपाई राहत असावेत असा अंदाज आहे.

या हुकुमांत लढाईपेक्षा कोठाराची भाषा जास्त आहे. कित्तीम नावाच्या लोकांना (हे ग्रीक किंवा सायप्रसकडील भाडोत्री शिपाई असावेत) द्राक्षारस द्या आणि दिवसाची नोंद करा. पीठ लादून पाठवा, त्यांच्यासाठी भाकरी होऊ द्या. एका खापरीवर चार दिवसांसाठी द्राक्षारसाचे दोन बाथ आणि ३०० भाकरी असा हिशेब आहे. उद्याच निघा, उशीर करू नका, आणि सिरका शिल्लक असेल तर तोही द्या, अशी पुस्ती आहे. शिपायाला जेवणाबरोबर आंबट लागतेच!

दुसऱ्या एका खापरीची गोष्ट मौजेची आहे. तिची मागची बाजू कोरी आहे असे पन्नास वर्षे समजत होते. तेल अवीव विद्यापीठाच्या मंडळींनी विशेष प्रकाशात तिचे फोटो घेतले तेव्हा तेथे पुसट अक्षरे दिसली, आणि २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांचा आरंभच असा की द्राक्षारस असेल तर पाठवून द्या.

पण सारेच खाण्यापिण्याचे नाही. एका पत्रात अराद व कीना येथून माणसे काढून रामात-नेगेव येथे ताबडतोब पाठवा, नाहीतर एदोमी तेथे येतील, असा राजाच्या नावाने कडक हुकूम आहे. म्हणजे एकीकडे पीठ, तेल, सिरका. आणि दुसरीकडे रात्रीतून शत्रू येईल ही धास्ती. जेथे माणसे थोडी, काम ठरावीक आणि भीती रोजची, तेथे बातमीला फार भूक असते. कंडी पिकते ती अशाच जागी.

‘मला वाचता येते’

आता होशायाहूचे पत्र. आरंभी तो याऊशला नमस्काराचे शब्द लिहितो, आणि लगेच मनातले बोलतो. आदल्या संध्याकाळी याऊशचे पत्र आले होते. त्यात त्याने होशायाहूला टोमणा मारला होता की तुला पत्र वाचता येत नाही. हे शब्द होशायाहूच्या जिवाला लागले. ते पत्र आल्यापासून आपल्या सेवकाचे हृदय आजारी आहे, असे तो लिहितो. मग देवाची शपथ घेऊन सांगतो की मला पत्र वाचून दाखविण्याचा प्रसंग आजवर कोणावर आला नाही. जे पत्र माझ्याकडे येते ते मी स्वतः वाचतो आणि त्यातील सारे नीट सांगू शकतो.

विचार करा. बाबेलचे सैन्य दाराशी आले आहे, शहरामागून शहर पडत आहे, आणि हा माणूस खापरीच्या तेवढ्याशा जागेत आधी आपल्या वाचनाची अब्रू राखतो. कोणी हसेल. पण ज्यांच्या घरात पत्र वाचायला शेजाऱ्याला बोलवावे लागत असे, त्यांना हसू येणार नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले पत्र हे अर्धे त्याचे होते. वाचणारा एखादी ओळ गाळतो, एखादी सौम्य करतो, एखादीचा अर्थ आपल्या मनाने लावतो. स्वतः वाचता येणे म्हणजे खरे काय आहे ते मधल्या माणसावाचून कळणे. युद्धाच्या दिवसांत हे शस्त्राइतकेच मोलाचे आहे.

होशायाहू एकटाच असा नव्हता. अरादच्या १८ लेखांचे हस्ताक्षर संगणकाने व अक्षरतज्ज्ञाने तपासले, तेव्हा त्या लहानशा किल्ल्याशी संबंधित निदान १२ वेगवेगळे हात त्यांत आढळले. हा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. यहूदाच्या सैन्यात खालच्या दर्जाच्या माणसांपर्यंत लिहिणे-वाचणे पोचले होते असे यावरून संशोधक म्हणतात.

येथे एक शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. होशायाहू पत्राला ‘सेफर’ म्हणतो. आज या देशात सेफर म्हणजे पुस्तक. पण आपण पुरीमला मेगिल्ला ऐकतो तेव्हा राजाने व मोर्दखायने पाठविलेली पत्रेही ‘सेफारीम’च आहेत. मुलांना हे अवश्य दाखवावे. जुन्या अर्थाचा धागा त्यांच्या रोजच्या भाषेतच सापडेल.

पाहिले, ऐकले, दिसत नाही

टोमण्याचे उत्तर देऊन झाल्यावर होशायाहू बातम्या देतो. आमच्या मते हा पाठाचा गाभा आहे.

पहिली बातमी अशी की सेनापती कोनियाहू बेन एलनातान मिसर देशाकडे जाण्यासाठी खाली उतरला आहे, आणि त्याने होदावियाहू बेन अहीयाहू व त्याची माणसे येथून नेण्यासाठी निरोप पाठविला आहे. मोठीच बातमी! मिसरची मदत येणार या आशेवर त्या काळी यहूदाचा जीव टांगलेला होता. परंतु होशायाहू ती कशी लिहितो ते पहा. तो आरंभीच म्हणतो की आपल्या सेवकाला असे सांगण्यात आले आहे. मी पाहिले असे तो म्हणत नाही. आपल्या मराठीत यासाठी एक लहानसा, सोन्यासारखा शब्द आहे: ‘म्हणे’. सेनापती मिसरला गेला, म्हणे. या एका शब्दाने ऐकणाऱ्याला समजते की बोलणारा साक्षीदार नाही.

दुसरी गोष्ट एका पत्राची. राजाचा सेवक तोवियाहू याचे पत्र शल्लूम बेन यद्दुआ याच्याकडे आले होते; ते एका नबीकडून आले होते आणि त्यात सावध राहा असा इशारा होता. होशायाहू त्या पत्राचा सारांश लिहीत बसत नाही, त्यावर आपले मतही देत नाही. ते पत्रच तो याऊशकडे पाठवून देतो. ज्याने निर्णय घ्यायचा त्याने मूळ शब्द वाचावेत. ‘मला वाचता येते’ असे म्हणणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या वाचण्याचाही मान राखला.

तिसरी गोष्ट चौथ्या पत्रातील आहे. या पत्रावर लिहिणाऱ्याचे नाव नाही, पण प्रसंग तोच दिसतो. वरिष्ठाने एका ठिकाणाविषयी विचारले होते. लेखक कळवितो की तेथे कोणी माणूस नाही. आणि शेवटी लिहितो की धन्याने दिलेल्या खुणांप्रमाणे आम्ही लाखीशच्या इशाऱ्यांकडे डोळे लावून आहोत, कारण आम्हाला अझेका दिसत नाही. हे इशारे म्हणजे टेकडीवरून टेकडीला दिलेले अग्नीचे संकेत असावेत.

अझेका लाखीशच्या उत्तरेस सुमारे १८ किलोमीटरवर आहे. दावीद आणि गोल्याथ यांची झुंज झाली त्या एलाच्या खोऱ्यावर ती टेकडी उभी आहे. ‘अझेका दिसत नाही’ हे शब्द वाचून पुष्कळांनी लिहून टाकले की अझेका पडली, तिची आग विझली, हे त्याचे शेवटचे वृत्त. तसे असेलही. पण दुसऱ्या अभ्यासकांचे म्हणणे असे की लेखक जेथे उभा होता तेथून मधल्या टेकड्यांमुळे अझेका मुळातच दिसत नसेल, म्हणून तो लाखीशकडे पाहत होता. दोन्ही अर्थ बसतात.

यात शिकण्यासारखे काय? त्या शिपायाने ‘पडली’ असे लिहिले नाही. भीती त्याच्याही पोटात असेल. अंधारात उभे राहून शेवटच्या सोबतीच्या शहराकडे पाहत असता काहीच दिसले नाही तर माणसाच्या मनात काय येते हे सांगायला नको. तरी त्याने लिहिले ते एवढेच: दिसत नाही. जे डोळ्यांना कळले तेवढेच खापरीवर उतरविले. ‘पडली’ हा शब्द २५०० वर्षांनंतर आरामखुर्चीत बसलेल्या वाचकांनी घातला!

‘शेमुआ’ या शब्दाविषयी

होशायाहूच्या पत्राच्या आरंभीचा नमस्कार मुद्दाम बाजूस ठेवला होता, तो आता घेऊ. परमेश्वर माझ्या धन्याला शांतीची आणि चांगली बातमी ऐकवो, असा त्याचा आशय आहे. ‘बातमी’साठी मूळ शब्द ‘शेमुआ’ असा आहे, ‘शमा’ म्हणजे ऐकणे या धातूपासून आलेला. आपल्या शेमा यिस्राएलचाही धातू तोच. आज बाजारात, बसमध्ये ‘श्मुआ’ हा शब्द ऐकू येतो तेव्हा त्याचा अर्थ अफवा असा असतो. म्हणजे बातमी आणि अफवा या एकाच घरच्या. दोघी कानातूनच आत येतात. कोणती कोण हे कानाला कळत नाही, ते पुढे विचाराने ठरवावे लागते.

यिर्मियाहू हन्नबीने या शब्दाविषयी लोकांना सावध केले आहे. अध्याय ५१, वचन ४६ मध्ये तो सांगतो की देशात ऐकू येणाऱ्या शेमुआमुळे मन खचू देऊ नका. एका वर्षी एक शेमुआ येईल, दुसऱ्या वर्षी दुसरी. तोराने तर नियमच घातला आहे. शेमोथच्या २३व्या अध्यायाचे पहिले वचन खोटी वार्ता उचलण्यास मनाई करते. तेथेही ‘शेमा’ हाच शब्द. राशी तारगुमच्या आधारे त्याचा अर्थ असा सांगतात की खोटी वार्ता स्वीकारू नये. हा इशारा लाशोन हारा ऐकून घेणाराला आहे, आणि न्यायाधीशालाही आहे की एका पक्षाचे म्हणणे दुसरा पक्ष हजर नसता ऐकू नये. म्हणजे उठविणारा जितका दोषी, तितकाच कान देणारा. ‘आम्ही काय, फक्त ऐकले आणि सांगितले’ ही सबब तोरापुढे चालत नाही.

ही सबब आम्ही स्वतः वापरली आहे, म्हणून लिहितो. १९७३ च्या योम किप्पूरच्या युद्धात आमच्या इमारतीतील सारी कुटुंबे मिकलातमध्ये बसत असू. पुष्कळांची मुले आघाडीवर होती. एके रात्री कोणीतरी म्हणाले की पलीकडच्या जिन्यातील एका बाईंच्या मुलाची तुकडी पुरी कापली गेली, म्हणे. सकाळी आमच्या घरातून ती गोष्ट पुढे गेली, आणि जाताना त्यातला ‘म्हणे’ गळून पडला. दुपारपर्यंत ती त्या माउलीच्या कानी गेली. दोन दिवस तिने अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मुलाचे लष्करी पोस्टकार्ड आले. त्यात जाड मोजे आणि आईच्या हातचा चिवडा पाठवा असे लिहिले होते. सर्वांनी देवाचे आभार मानले. आम्हीही मानले, पण त्या बाईंच्या डोळ्यांना डोळा देणे पुष्कळ दिवस जमले नाही.

हातपाय कोणी गाळले?

येथपर्यंत वाचून एखादा म्हणेल की मग युद्धाच्या वेळी वाईट बातमी सांगूच नये, गोड तेवढे बोलावे. लाखीशची पत्रे या प्रश्नालाही हात घालतात.

सहाव्या पत्रात लेखक याऊशला कळवितो की राजाची व सरदारांची पत्रे मला वाचायला पाठविलीत, पण सरदारांचे शब्द चांगले नाहीत. त्यांनी हात ढिले पडतात. तुम्ही त्यांना लिहून असे का करता म्हणून विचारणार नाही का, असेही तो विनवितो. ‘हात ढिले पडणे’ हा इब्री वाक्प्रचार आपल्याला समजावून सांगायला नको. मराठीत आपण ‘हातपाय गाळणे’ म्हणतो.

आता यिर्मियाहूच्या ग्रंथातील ३८वा अध्याय उघडा. तेथे चौथ्या वचनात नेमका हाच वाक्प्रचार आहे, तोही त्याच युद्धातला. परंतु तेथे आरोप करणारे सरदार आहेत आणि आरोपी यिर्मियाहू आहे. ते सिद्कियाहू राजाला म्हणतात की या माणसाला ठार करावे, कारण शहरात उरलेल्या योद्ध्यांचे हात तो ढिले करतो. यिर्मियाहूने याआधी काय सांगितले होते? मिसरचे सैन्य निघाल्याचे ऐकून बाबेलच्या सैन्याने काही काळ वेढा उठविला, तेव्हा लोकांना वाटले की सुटलो. यिर्मियाहूने सांगितले की ते परत येतील (अध्याय ३७). ते परत आले. सत्य सांगणाराला चिखलाच्या टाक्यात उतरविले गेले, आणि एका कूशी माणसाने, एवेद-मेलेखने, जुन्या चिंध्या व दोर टाकून त्याला वर काढले.

एकच वाक्प्रचार, एकच काळ, आणि दोन उलट आरोप. चौकीवरचा माणूस म्हणतो की सरदारांच्या शब्दांनी हात गळतात. सरदार म्हणतात की नबीच्या शब्दांनी गळतात. कोणते खरे?

आम्हाला वाटते की याचे उत्तर यिर्मियाहूच्याच एका पत्रात आहे. अगोदरच बाबेलला नेलेले लोक दोन वर्षांत परत येणार, असे हनन्याह नावाच्या माणसाने यरुशलेमात देवाच्या नावाने सांगितले होते (अध्याय २८). बाबेलला नेलेल्या त्या लोकांना यिर्मियाहूने पत्र पाठविले (अध्याय २९) की घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, त्या शहराचे कुशल चिंता. ७० वर्षे लागतील. ही बातमी कडू होती. पण तिने हातांना काम दिले. हनन्याहच्या गोड शब्दांनी हात रिकामे ठेवले असते.

यावरून कसोटी अशी निघते: शब्द कडू की गोड हे पाहू नये, तो खरा आहे का, आणि ऐकणाराला उद्या सकाळी काय करावे हे त्यातून कळते का, हे पाहावे. होशायाहूने सावध राहा म्हणणारे पत्र दाबले नाही, पुढे पाठविले.

आपल्या घरासाठी

हा नियम परक्यांच्या बातम्यांना लावणे सोपे आहे. आपल्या आवडत्या गोष्टींना लावणे कठीण. एक उदाहरण घेऊ. सामुएल एझेकिएल दिवेकर, म्हणजे आपले समाजी हसाजी, हे इंग्रजांच्या पलटणीत होते आणि मुंबईचे पहिले सिनेगॉग शाअर हारहमीम त्यांनी १७९६ साली बांधले, हे आपण निश्चयाने सांगू शकतो. ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, बेने इस्राएल हे नाव ऐकून सुलतानाच्या आईने त्यांना वाचविले, आणि त्या सुटकेच्या नवसातून सिनेगॉग उभे राहिले, ही गोष्ट आपण वडिलांच्या तोंडून ऐकली. ती अवश्य सांगावी; ती आपला ठेवा आहे. पण सांगताना ‘आमचे वडील असे सांगत’ एवढे शब्द जोडावे. त्याने गोष्टीची किंमत कमी होत नाही. उलट ती कोणाच्या तोंडून आपल्यापर्यंत आली हे नातवंडांना कळते, आणि सांगणाराचाही मान राहतो.

आज पत्रे येत नाहीत. बातमी मोबाईलवर येते आणि बोट लावताच शंभर घरी जाते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या युद्धांनी आपल्याला सुरक्षित खोलीत बसविले आहे, आणि तेथे बसून अशा बातम्या वाचण्याचा अनुभव प्रत्येक घराला आहे. होशायाहूला एक शब्द लिहायला खापरी, शाई, बोरू आणि नेणारा माणूस लागे. तेवढ्या वेळात विचार होई. आपल्याला तो वेळ मुद्दाम काढावा लागतो.

आणखी एक गोष्ट. होशायाहूचा अभिमान होता की आपले पत्र आपण वाचतो. आपल्या पेटीतील पत्रे आज कोण वाचील? मुले इब्री वाचतात, मराठी कानाने समजतात, पण अक्षरे ओळखीत नाहीत. आजोबांचे पत्र वाचायला त्यांना पुन्हा दुसरा माणूस शोधावा लागणार, आणि काही वर्षांनी तो माणूसही मिळणार नाही. खापरी आगीतही टिकली. कागद टिकत नाही. म्हणून आमची विनंती आहे की येत्या एखाद्या शब्बाथनंतर, हावदाला झाल्यावर, ती पेटी उघडा. एक पत्र मुलांसमोर मोठ्याने वाचा. ते कोणी, कोठून, कोणत्या साली लिहिले हे वेगळ्या कागदावर नोंदवून पत्रासोबत ठेवा. जे पत्रात लिहिलेले आहे ते एका बाजूस, आणि जे तुम्हाला आठवते किंवा ऐकून माहीत आहे ते दुसऱ्या बाजूस लिहा. दोन्ही मोलाचे आहे, पण दोन्ही एकत्र कालवू नका.

घरी विचार करण्यासाठी प्रश्न

१. याऊशच्या टोमण्याचा होशायाहूला एवढा राग का आला असेल? तुमच्या घरी पूर्वी पत्रे कोण वाचून दाखवी?

२. होशायाहूने नबीचे पत्र स्वतःजवळ ठेवले असते किंवा तोंडी निरोप पाठविला असता तर काय फरक पडला असता?

३. यिर्मियाहू ३८:४ आणि सहावे पत्र यांत ‘हात ढिले पडणे’ हा आरोप कोण कोणावर करतो? दोघांपैकी कोणाचे म्हणणे तुम्हाला पटते, आणि का?

४. गेल्या आठवड्यात तुम्ही पुढे सांगितलेली एखादी बातमी आठवा. ती पाहिलेली होती की ऐकलेली? सांगताना तुम्ही ‘म्हणे’ म्हटले होते काय?

होशायाहू, याऊश आणि त्यांच्या चौकीवरील माणसे यांचे पुढे काय झाले ते खापऱ्या सांगत नाहीत, म्हणून आम्हीही सांगत नाही. त्यांच्याच रीतीने आपला निरोप घेतो: परमेश्वर आपणां सर्वांना शांतीची आणि चांगली बातमी ऐकवो.

शालोम.